‘रोटी-बेटी’ आणि ‘अंगीकृत’ : मिथिलेच्या सीमेवरील दोन शब्दांची चिकित्सा

मिथिलेच्या लोकवाङ्मयाविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखणीला एक सवय जडलेली दिसते. मधुबनीकडची मुलगी लग्न होऊन नेपाळातील धनुषा जिल्ह्यात नांदावयास निघाली, किंवा तिकडची मुलगी सून म्हणून इकडे आली, की त्या प्रसंगाच्या वर्णनात सीतेचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही; आणि तो एकदा आला, की दोन राष्ट्रांमधील सीमा ही नकाशावरची रेघ आहे, लोकजीवनाला तिचा स्पर्श झालेला नाही, हा निष्कर्ष ओघानेच निघतो. त्याच्या पुष्ट्यर्थ ‘रोटी-बेटीचा संबंध’ हा शब्दप्रयोग हाताशी असतोच. हा निष्कर्ष वाङ्मयाच्या अभ्यासाला कितपत मानवतो आणि ज्या स्त्रीच्या नावाने तो काढला जातो तिच्या स्थितीविषयी तो खरे काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विचाराचे साधन मुख्यतः शब्द हेच राहील. कारण या विषयात जो घोटाळा झाला आहे तो बव्हंशी शब्दांच्या द्वारेच झालेला आहे.

प्रथम भूगोल व इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८१५ च्या डिसेंबरात झालेला आणि १८१६ च्या मार्चमध्ये कायम झालेला सुगौलीचा तह ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांच्यातील. त्या तहाने आणि त्यानंतरच्या तराईच्या देवघेवीने जी सीमा ठरली, तिने मैथिली भाषेचा प्रदेश दुभंगला. दरभंगा, मधुबनी, सीतामढी हे जिल्हे आज बिहारमध्ये आहेत. जनकपूर नेपाळात आहे आणि आता मधेश प्रांताची राजधानी आहे. नेपाळच्या लोकसंख्येपैकी सुमारे ११ टक्के लोकांची मातृभाषा मैथिली असून नेपाळीच्या खालोखाल तिचाच क्रम लागतो. इकडे भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आली. सीमा उघडी आहे. ३१ जुलै १९५० च्या मैत्रीच्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांस एकमेकांच्या देशात राहण्याची, हिंडण्याफिरण्याची व व्यापार करण्याची मोकळीक दिली आणि पारपत्राची गरज ठेवली नाही. जयनगर ते जनकपूर ही छोटी रेल्वे १९३७ पासून होती. २०१४ मध्ये बंद पडलेली ती वाट रुंद मार्गाची होऊन एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा स्थितीत लग्ने सीमेपलीकडे होणे हे नवलाचे नाही. न झाली असती तरच नवल.

आता ‘रोटी-बेटी’ हा शब्द पाहू. मराठी वाचकास तो परका नाही. परंतु तो त्यास एका वेगळ्याच दालनातून परिचित आहे. मराठीत ‘रोटी-बेटी व्यवहार’ म्हणजे जातीजातींमधील भोजनाचा व विवाहाचा व्यवहार. रोटीबंदी आणि बेटीबंदी हे शब्द विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील समाजसुधारणेच्या वादांत घासून गुळगुळीत झालेले आहेत. तेथे या जोडशब्दात वर्ज्यतेचा ध्वनी आधी ऐकू येतो. मिथिलेच्या सीमेवर हाच शब्द आंतरराष्ट्रीय स्नेहाचा वाचक झाला आहे. एकच जोडशब्द एका प्रदेशात बंधनाची आणि दुसऱ्या प्रदेशात मोकळिकीची आठवण करून देतो, ही गोष्ट अर्थविज्ञानाच्या दृष्टीने मोठी कुतूहलाची आहे. परंतु दोन अर्थ वाटतात तितके लांब नाहीत. सीमेपलीकडे दिली जाणारी मुलगी प्रायः स्वजातीतच दिली जाते. किंबहुना स्वजातीतील योग्य स्थळ शोधावयाचे म्हणूनच सीमा ओलांडावी लागते. राष्ट्राची रेघ ओलांडली गेली ती जातीची रेघ सांभाळण्यासाठी, ही वस्तुस्थिती स्नेहवाचक प्रयोगात पूर्णपणे झाकली जाते. मराठीतील जुन्या अर्थाने मात्र ती तत्काळ उघडी पडते.

दुसरी बाब व्याकरणाची आहे. या समासात ‘बेटी’ ही ‘रोटी’च्या जोडीने येते, आणि दोहोंचा अन्वय देण्याघेण्याशी आहे. देणारा कोण, घेणारा कोण, हे समासात सांगितलेले नाही. दिली जाणारी वस्तू तेवढी सांगितली आहे. दोन राष्ट्रांच्या नात्याचे वर्णन करताना जी व्यक्ती खरोखर देश बदलते, तिलाच कर्मपदी बसवून कर्तृपद मोकळे ठेवणारा हा प्रयोग आहे. यावर कोणी म्हणेल की, लोकभाषेतील जोडशब्दांची इतकी झडती घेणे अरसिकपणाचे आहे. हा शब्द लोकांच्या तोंडीच राहिला असता तर आक्षेप मान्यही करता आला असता; परंतु तो राज्यकर्त्यांच्या तोंडी गेला आहे. जून २०२० मध्ये नकाशाच्या वादावरून दोन्ही देशांत कटुता आली असता भारताच्या संरक्षणमंत्र्यांनी आपल्या भाषणात याच शब्दाचा आश्रय केला. त्याच महिन्यात काठमांडूस संसदेच्या समितीने, नेपाळी पुरुषाशी विवाह करणाऱ्या विदेशी स्त्रीला नागरिकत्वासाठी ७ वर्षे थांबावे लागावे, ही तरतूद बहुमताने संमत केली. एकीकडे बेटीचे रूपक, दुसरीकडे बेटीसंबंधीचे कलम. दोन्ही एकाच महिन्यातील असूनही एकाने दुसऱ्याची दखल घेतली नाही.

त्या तरतुदीच्या समर्थकांनी भारताच्याच कायद्याचा दाखला दिला होता, आणि दाखला खोटा नव्हता. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमानुसार भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीस नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते. मात्र अर्जापूर्वी ७ वर्षांचे वास्तव्य लागते. मूळ अधिनियमात ही सवलत केवळ स्त्रियांस होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पती व पत्नी दोघांनाही लागू झाली. १९५५ च्याच हिंदू विवाह अधिनियमात, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे म्हटले आहे. सात पावले आणि सात वर्षे! हा संख्येचा योगायोग आहे. त्यावर रूपक उभारू लागणे म्हणजे ज्या दोषाची येथे चिकित्सा चालली आहे त्याच दोषात पडणे होईल.

नेपाळचा प्रस्ताव कायदा होऊ शकला नाही. ते विधेयक मागे घेतले गेले, त्याऐवजी आलेल्या दुसऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची मोहोर उमटण्यास ३१ मे २०२३ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यात ७ वर्षांची अट नव्हती. २००६ च्या अधिनियमाने जी वाट ठेवली होती तीच कायम राहिली : विवाहाचा पुरावा द्यावा, आपले पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची कारवाई सुरू केल्याचे दाखवावे, आणि नागरिकत्व घ्यावे. वेळेचाच विचार केला तर नेपाळ भारतापेक्षा उदार आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. इकडील लेखनात ते सहसा सांगितले जात नाही.

परंतु मिळते ते काय? येथे दुसरा शब्द पुढे येतो. नेपाळच्या विधिभाषेत ‘वंशज’ नागरिक आणि ‘अंगीकृत’ नागरिक असे भेद आहेत. जन्माने, आईबापांकडून नागरिकत्व लाभलेला तो वंशज. विवाहाने आलेली सून ती अंगीकृत. २० सप्टेंबर २०१५ रोजी जारी झालेल्या नेपाळच्या संविधानाच्या २८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, सरन्यायाधीश, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, प्रांतप्रमुख, प्रांताचा मुख्यमंत्री, सुरक्षादलांचे प्रमुख ही पदे वंशज नागरिकांसाठीच राखलेली आहेत. भारतात नोंदणीने नागरिक झालेल्या व्यक्तीस असा प्रतिबंध नाही. म्हणजे एका देशात नागरिकत्व लवकर मिळते पण अपुरे असते, दुसऱ्यात उशिरा मिळते पण मिळाल्यावर पुरते असते. खेड्यातील सुनेस पंतप्रधानपदाशी काय कर्तव्य, असे म्हणून हा भेद उडवून लावता येईल. तथापि प्रांताचे मुख्यमंत्रिपद हे मधेशसारख्या प्रांतात इतके दूरचे नाही. आणि भेद कागदावर एकदा नाव पावला की तो पदांपुरताच राहतो असेही नाही. २०१५–१६ च्या मधेशातील आंदोलनात नागरिकत्वाच्या कलमांविषयीचा रोष हे एक प्रमुख कारण होते, ते त्यामुळेच.

‘अंगीकृत’ या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. संस्कृत वैयाकरण येथे ‘च्वि’ प्रत्यय मानतात, आणि त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, असा सांगतात. ‘शुक्लीकृत’ म्हणजे पांढरे केलेले. अर्थात आधी पांढरे नसलेले. ‘स्वीकृत’ म्हणजे आपले केलेले; आधी आपले नसलेले. त्याच न्यायाने ‘अंगीकृत’ म्हणजे आधी अंग नसून मागाहून अंग केलेले. प्रत्ययाचा विशेष असा की, तो बदल सांगतो आणि त्याबरोबर बदलापूर्वीची स्थितीही जतन करतो. वस्त्र कितीही वर्षे पांढरे राहिले तरी ‘शुक्लीकृत’ या शब्दातून त्याचा पूर्वीचा मळकेपणा निघून जात नाही. याच्या उलट ‘वंशज’ या उपपद समासातील ‘ज’ हा ‘जन्’ धातूचा आहे. एका शब्दात जन्मणे आहे, दुसऱ्यात करणे आहे. आणि केलेल्याचा करणारा कोणी तरी असतो, जो केले ते रद्दही करू शकेल अशी शंका त्या शब्दाच्या मागे सदैव उभी राहते.

मराठी वाचकास हा शब्द अधिकच बोचावा असे आणखी एक कारण आहे. आपल्या भाषेत ‘अंगीकार’ हा ऊबदार शब्द आहे. संतांच्या वाणीत तो देवाने भक्ताला आपलेसे करण्यासाठी येतो. तेथे अंगीकार झाल्यावर पूर्वस्थितीचा हिशेब उरत नाही, किंबहुना तो पुसला जाणे हाच अंगीकाराचा अर्थ असतो. घरात जी ‘अर्धांगी’ म्हटली जाते तीच कचेरीत ‘अंगीकृत’ होते. ‘अंग’ दोन्हीकडे आहे. भक्तीच्या आणि गृहस्थाश्रमाच्या परिभाषेतून कायद्याने शब्द उचलला आणि त्यातील ऊब तशीच ठेवून आशय मात्र निम्म्यावर आणला, असे म्हणणे प्राप्त आहे. भारतीय कायद्यातील ‘नोंदणी’ हा शब्द त्या मानाने अगदी रुक्ष आहे. त्यावर कोणी भाषण रचणार नाही. परंतु तो जेवढे देतो तेवढेच बोलतो, आणि परिभाषेत हा मोठा गुण होय. विस्तीर्ण शेजाऱ्याला लागून असलेल्या लहान राष्ट्राने उघड्या सीमेवर सावध राहावे, यात गैर काही नाही. नेपाळची चिंता कृत्रिम आहे असे मानणे अन्यायाचे होईल. आक्षेप सावधगिरीला नसून तिला आलिंगनाचे नाव देण्याला आहे.

पुरुषांच्या बाबतीत तर शब्दही नाही. नेपाळी स्त्रीशी विवाह करून तिच्या देशी राहावयास येणाऱ्या विदेशी पुरुषाला विवाहाच्या आधारावर नागरिकत्व देणारे कलम तेथे नाही. त्याने इतर परकीयांप्रमाणे १५ वर्षांच्या वास्तव्याची अट पुरी करावी. ‘घरजावई’ या शब्दाला आपल्या भाषांत जो उपहास चिकटला आहे तो आणि कायद्याचे हे मौन एकाच मनोभूमीतून उगवले आहे. पती ज्या देशी, पत्नी त्या देशी. उलट क्रम लोकांना हास्यास्पद वाटतो आणि विधिकर्त्यांना तो सुचतच नाही.

येथवरच्या विवेचनावरून, कायदा निष्ठुर आणि लोकपरंपरा सहृदय, असा सोयीस्कर समज होण्याचा संभव आहे. तो टाळला पाहिजे. मैथिल ब्राह्मण व कर्ण कायस्थ यांच्यात ‘पंजी’ नावाच्या वंशावळींची परंपरा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी कर्णाटवंशीय राजा हरिसिंहदेव याच्या काळी ती व्यवस्थित झाली असे मानतात. (त्या घराण्याचे नावच ते दक्षिणेतून आल्याचे सांगते, आणि त्याची राजधानी सिमरौनगढ आज नेपाळात आहे.) विवाह ठरण्यापूर्वी पंजीकाराने उभयपक्षांच्या पिढ्या तपासून निषिद्ध नाते नसल्याचा निर्वाळा द्यावयाचा, त्या पत्राला ‘अस्वजनपत्र’ म्हणतात. मधुबनीजवळच्या सौराठ गावची विवाहसभा याच कामासाठी प्रसिद्ध झाली. आता सीमेपलीकडे जाणाऱ्या नवरीची गंमत पाहावी. पंजीकारापुढे ती वराची ‘अस्वजन’ असल्याचे सिद्ध व्हावे लागते, आणि विवाहानंतर नेपाळच्या वॉर्ड कार्यालयात तिचा ‘नाता’ प्रमाणित व्हावा लागतो. पहिला कागद म्हणतो, हिचे यांच्याशी काही नाते नाही. दुसरा म्हणतो, आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न वंशाचाच आहे, आणि दोन्ही ठिकाणी उत्तर तिच्या मुखाने दिले जात नाही. पंजीने सीमा मानली नाही हे खरे. पण तिने वंश कायद्याहूनही कसोशीने मानला.

लोकगीतांतील शब्दही तपासण्याजोगे आहेत. आपण ‘माहेर’ म्हणतो ते ‘मातृगृह’ या शब्दापासून आले. मैथिलीतील ‘नैहर’ मात्र ‘ज्ञातिगृह’ यापासून व्युत्पादिला जातो. मराठी स्त्री आईच्या घराची आठवण काढते, मैथिली स्त्री ज्ञातींच्या, म्हणजे भाऊबंदांच्या घराची. व्युत्पत्ती म्हणजे भावना नव्हे. नैहर म्हणताना मैथिली स्त्रीच्या डोळ्यांपुढेही आईच येत असेल. तरीही शब्दाच्या तळाशी वंश आहे हे विसरता येत नाही. पाठवणीच्या वेळी गायिली जाणारी ‘समदाउन’ गीते याच नैहरभोवती फिरतात. ही गीते मुलीच्या पाठवणीला गातात, तशीच नवरात्राच्या शेवटी दुर्गेला निरोप देतानाही गातात. देवी पुढल्या वर्षी परत येणार हे ठरलेले असते. मुलीचे येणे भाऊ न्यावयास येईल की नाही यावर अवलंबून. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांत मुराळ्याची वाट पाहणारी सासुरवाशीण हीच. तेथे अंतर कोसांनी मोजलेले नसते, भावाच्या फेऱ्यांनी मोजलेले असते. आणि त्या मोजमापात पाच कोसांवरचे सासरही परदेशच ठरते. म्हणून गीतात सीमेचा उल्लेख नाही, एवढ्यावरून सीमा नाही असे सिद्ध होत नाही. ज्या गीताला प्रत्येक सासर परदेश आहे, त्याला खरा परदेश वेगळा दाखविण्याची सोयच उरलेली नसते. बेळगावकडची मुलगी कोल्हापुरास दिली तरी ओवी तीच राहील आणि तिला कोणताही दाखला काढावा लागणार नाही. जयनगरची मुलगी जनकपुरास दिली तरी समदाउन तेच राहील, पण तिला एक नागरिकत्व सोडून दुसरे घ्यावे लागेल. गीताच्या एकरूपतेवरून अनुभवाची एकरूपता गृहीत धरणे हा टीकाकाराचा दोष आहे, गीताचा नव्हे.

सीतेच्या दृष्टांताचेही असेच आहे. दृष्टांत देणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. मिथिलेतील लोकांनी मात्र तो वाचला आहे. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, विवाहपंचमीला, जनकपुरात रामसीतेच्या विवाहाचा उत्सव मोठ्या थाटाने होतो आणि अयोध्येहून वरातही येते. पण त्या तिथीला आपल्या मुलीचे लग्न करण्याचे अनेक मैथिल कुटुंबे टाळतात. सीतेच्या वाट्याला आले ते आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ नये, हा त्यामागचा भाव. राजकीय भाषणांनी ज्या विवाहाला मैत्रीचे प्रतीक केले, त्याचे अनुकरण प्रत्यक्ष जनकपूरच्या पंचक्रोशीतील लोक करीत नाहीत, ही टीका कोणत्याही लेखी टीकेपेक्षा भेदक आहे.

आणखी एक गोष्ट. वैदेही, मैथिली, जानकी ही सीतेची प्रसिद्ध नावे पाहिली तर ती सर्व माहेरच्या देशावरून वा पित्यावरून आलेली आहेत. अयोध्येची पट्टराणी होऊनही अयोध्येवरून तिला नाव पडले नाही. आणि ज्या पित्यावरून ती जानकी झाली, त्याच्या वंशात तरी ती कोठे जन्मली होती? ती नांगराच्या तासात सापडलेली, अयोनिजा. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती अयोध्येत अंगीकृत होतीच, पण मिथिलेतही वंशज नव्हती. असे असता तिच्या नावावरूनच एका भाषेला नाव मिळाल्याचा भास व्हावा, इतकी ती मिथिलेची झाली. वंश आणि आपलेपणा यांचा संबंध परंपरेच्या या सर्वांत मान्य कथेतच तुटलेला आहे. रोटी-बेटीचे रूपक आळविणाऱ्यांना आणि वंशज-अंगीकृत हा भेद आखणाऱ्यांना ती कथा सारखीच गैरसोयीची आहे.

मैथिलीच्या व्याकरणात एक वैशिष्ट्य आहे, त्याचे विस्तृत विवेचन रामावतार यादव यांच्या १९९६ च्या व्याकरणग्रंथात सापडते. या भाषेचे क्रियापद कर्त्याशी सुसंगत होतेच. पण कर्म कोणाचे, ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो कोणाचा कोण, याचा निर्देशही ते प्रत्ययाने करू शकते, आणि त्यात आदराची श्रेणीही येते. तुझी लेक आली, त्यांची लेक आली, हे भेद अशा रीतीने क्रियापदापर्यंत पोहोचतात. सुनेला ‘कनियाँ’ म्हणणारी आणि तिचे नाते क्रियापदात ओवणारी ही भाषा बोलणारे लोक ज्या संविधानाखाली राहतात, त्यात तिचा उल्लेख ‘विदेशी महिला’ असा आहे. संविधानाला नात्याच्या भाषेत बोलता येणार नाही हे मान्य आहे. मग त्याने ‘अंगीकृत’ तरी म्हणू नये.

समदाउनांच्या संपादकांपुढील काम यातून स्पष्ट होते. पाठवणीचे गीत गाणारी स्त्री बहुधा सासरच्या गावी भेटते आणि ते गाव गीताखाली नोंदले जाते. परंतु गीत तिने नैहरात शिकलेले असते. दोन्ही गावांची नोंद हवी. ती सीमा ओलांडून आली असेल तर कोणत्या साली, हेही हवे. कारण नेपाळात नागरिकत्वाचा पहिला अधिनियम १९५२ चा, दुसरा १९६४ चा आणि आजचा २००६ चा आहे, आणि या तिन्ही काळांत आलेल्या सुना अजून एकाच अंगणात बसून गाताना सापडणे अशक्य नाही. आजेसासूने आणि नातसुनेने एकच कडवे म्हटले, आणि एकीने ‘देस’ म्हटलेल्या जागी दुसरीने वेगळा शब्द घातला, तर तो पाठभेद तळटीपेत ढकलून चालणार नाही.